चार भिंतींतला हॅम संच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौशी रेडिओचा, म्हणजेच हॅम रेडिओचा, हातात मावणारा संच टेकडीवर किंवा गच्चीत उत्तम चालतो आणि दिवाणखान्यात आणताच मुका होतो, तेव्हा दोष बहुधा संचाच्या कमी शक्तीला दिला जातो आणि पाच वॉटऐवजी आठ-दहा वॉटचा संच घेण्याचा विचार सुरू होतो. या विचारात प्रक्षेपण आणि ग्रहण या दोन वेगळ्या क्रियांची गल्लत झालेली असते. वॉटचा आकडा आपला आवाज किती दूर पोहोचेल एवढेच ठरवतो. दुसऱ्याचा आवाज ऐकू येणे हे त्याच्या संचाची शक्ती, मधला मार्ग, ग्रहण करणारी अँटेना आणि तिच्या भोवतालचा विद्युत-गोंगाट यांवर अवलंबून असते. प्रक्षेपणातसुद्धा शक्ती दुप्पट केल्याने जेमतेम तीन डेसिबलची भर पडते (डेसिबल हे दोन शक्तींचे गुणोत्तर सांगणारे माप असून तीन डेसिबल म्हणजे दुप्पट आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट), आणि काँक्रीटची एखादी भिंत एवढी भर सहज गिळून टाकते.

भिंतींविषयीचा दुसरा समज अधिक चिवट आहे, कारण तो अर्धा खरा आहे. कमी वारंवारतेच्या लहरी अडथळ्यांतून चांगल्या पार होतात, असे सरसकट सांगितले जाते. भारतात परवानाधारक हौशी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे हातातल्या संचासाठी प्रामुख्याने वापरतात आणि त्यांच्या तरंगलांबीवरून, म्हणजे एका पूर्ण लहरीच्या लांबीवरून, त्यांना ‘दोन मीटर’ व ‘सत्तर सेंटीमीटर’ अशी नावे पडली आहेत. डोंगराला वळसा घालण्यात दोन मीटरची लहर निश्चितच सरस ठरते. परंतु सळयांच्या जाळ्याने भरलेल्या स्लॅबच्या इमारतीत लहरी मुख्यतः खिडक्या-दारांतून आत शिरतात आणि तेथे गणित उलटते. सव्वा मीटर रुंदीची खिडकी सत्तर सेंटीमीटरच्या लहरीला प्रशस्त असते, तर दोन मीटरच्या लहरीला ती अरुंद पडते. धातूच्या जाळीतील अंतर तरंगलांबीच्या तुलनेत जितके लहान, तितकी ती जाळी भरीव पत्र्यासारखी वागते. चोरांच्या भीतीने आपल्याकडे खिडक्यांना जे लोखंडी ग्रिल बसवतात, त्याचे उभे गज तर उभ्या अँटेनाकडे येणारी लहर विशेषच अडवतात. त्यामुळे रिपीटर, म्हणजे उंचावर बसवलेले आणि ऐकलेला संदेश लगेच पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र, दोन्ही पट्ट्यांवर उपलब्ध असेल, तर घरातून वरचा पट्टा आधी ऐकून पाहणे शहाणपणाचे.

संच खोलीत कोठेही ठेवला तरी सारखेच, हाही एक समज. भिंती, कपाटे आणि जमीन यांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळून खोलीत सबळ आणि दुर्बळ ठिकाणांची नक्षी तयार करतात, आणि या नक्षीत सबळ ठिकाणापासून दुर्बळ ठिकाण साधारण पाव तरंगलांबीवर, म्हणजे दोन मीटर पट्ट्यावर सुमारे पन्नास आणि वरच्या पट्ट्यावर अवघ्या सतरा सेंटीमीटरवर असू शकते. टेबलाच्या एका कोपऱ्यात खरखर आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्वच्छ आवाज हा चमत्कार नव्हे. उंचीचा लाभ खरा आहे, कारण रेडिओ-क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाच्या सुमारे ४.१२ पट असते, म्हणजे तीन मीटरवरून सात आणि तीस मीटरवरून बावीस किलोमीटरच्या आसपास. तरीही दहाव्या मजल्यावरच्या मधल्या खोलीपेक्षा पहिल्या मजल्यावरची, रिपीटरकडे तोंड असलेली बाल्कनी सरस ठरू शकते.

संचासोबत येणारी आखूड, रबरी आवरणाची अँटेना म्हणजे सोयीसाठी केलेली तडजोड असते, ही गोष्ट उत्पादकाने दिले तेच उत्तम मानणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पाव तरंगलांबीची अँटेना १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ४९ सेंटीमीटर भरते. रबरी अँटेनात तेवढी तार गुंडाळून आखूड केल्याने कार्यक्षमता घटते. शिवाय अशा अँटेनाला विजेच्या दृष्टीने दुसरा अर्धा भाग लागतो आणि ते काम संचाची चौकट व धरणारा हात कसेबसे करतात. अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या भागाला, ४९ सेंटीमीटरची साधी वायर जोडून ती लोंबती सोडली तर हा भाग भरून निघतो. काही पैशांत होणारा याहून चांगला उपाय नाही. गाडीवर लावायची चुंबकी बुडाची अँटेना खिडकीजवळच्या लोखंडी कपाटावर ठेवल्यास कपाटाचा पत्राच तिची ‘जमीन’ होतो.

बाहेर मोठी अँटेना लावली की प्रश्न मिटला, ही समजूत मात्र दोन कारणांनी फसते. आरजी-५८ जातीच्या बारीक केबलच्या दहा मीटर लांबीत १४५ मेगाहर्ट्झला सुमारे दोन आणि ४३५ मेगाहर्ट्झला साडेतीन डेसिबलच्या आसपास घट होते, म्हणजे वरच्या पट्ट्यावर निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच संपते. केवळ ऐकण्यासाठी केबल टीव्हीची पंचाहत्तर ओहमची वायर चालत नाही, असे म्हणणारे येथे चुकतात: जुळणी पूर्ण नसल्याने होणारे नुकसान पाव डेसिबलहूनही कमी असते, उलट ती वायर आरजी-५८ पेक्षा कमी शक्ती गिळते. दुसरे कारण अधिक त्रासाचे. स्वस्त संचांचा ग्राहक भाग नको असलेले प्रबळ संदेश नीट गाळू शकत नाही. शहरात मोठी अँटेना जोडताच जवळचे एफएम प्रक्षेपण त्याला दाबून टाकते आणि क्षीण संदेश पूर्वीपेक्षाही बुडतो. तेथे गाळणी, म्हणजे एफएम पट्टा अडवणारा फिल्टर, लावावी लागते. अँप्लिफायर लावल्यास संदेशाबरोबर गोंगाटही वाढतो आणि दाबले जाणे आणखी बळावते.

गोंगाटाचा उगम बहुधा घरातच असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स आणि वाय-फायचे राउटर यांतील झपाट्याने उघडझाप करणारी विद्युतमंडले रेडिओ-लहरी सांडत असतात. घराचा मुख्य स्विच बंद करून बॅटरीवरचा संच ऐकला, तर दोषी घरातला की शेजारचा हे मिनिटभरात कळते.

आणि अनेकदा भिंत, अँटेना, गोंगाट यांपैकी कशाचाच दोष नसतो. रिपीटर जागा व्हावा म्हणून संच आवाजाखाली एक मंद सूर पाठवतो. तोच सूर ग्रहणासाठीही बंधनकारक ठरवला आणि रिपीटर तो परत पाठवत नसेल, तर संदेश पूर्ण ताकदीने येऊनही स्पीकर बंदच राहतो. संचाच्या बाजूचे मॉनिटर बटण दाबताच स्वच्छ आवाज आला, तर नवी अँटेना घेण्याऐवजी मेनूतील ती एक नोंद बदलावी.