बांधावरच्या आंब्याची किंमत कोण ठरवतं?

मैत्रिणींनो, शेतातून कालवा किंवा रस्ता जाणार अशी नोटीस आली की ग्रामसंघाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "ताई, एकरी किती मिळणार?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. पैसे नुसत्या जमिनीचे नसतात. जमिनीवर तुम्ही जे उभं केलंय त्याचेही असतात, आणि नेमकं तेच मोजायचं राहून जातं.

शेतात घातलेल्या कष्टाची किंमत लावणं हे जुनं काम आहे. ब्रिटनमध्ये शेतीचं मूल्यांकन करणाऱ्यांची संघटना १९१० सालापासून आहे. खंडाने शेत करणारा शेत सोडून निघाला, की त्याने घातलेलं खत, पेरलेलं पीक यांची किंमत असे जाणकार ठरवून देतात. जमीन दुसऱ्याची असली तरी खत याचंच ना!

आपला २०१३ चा भूसंपादन कायदाही जमिनीवरच्या गोष्टी वेगळ्या मोजायला सांगतो. घर, गोठा, विहीर, पाइपलाइन, झाडं, उभं पीक. फळझाडांची किंमत सहसा कृषी विभाग काढतो, सागासारख्या झाडांची वन विभाग, घराची बांधकाम विभाग. जमिनीसाठी रेडी रेकनरचा दर आणि गेल्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांची सरासरी बघतात, जास्त असेल ती धरतात. खेड्यात त्याला १ ते २ ने गुणतात. त्यात झाडा-विहिरीची किंमत मिळवायची आणि येईल त्या बेरजेइतकीच रक्कम वर दिलासा म्हणून द्यायची.

समजा जमिनीचे गुणून १६ लाख झाले, झाडं-विहिरीचे ३ लाख. बेरीज १९, दिलासा धरून ३८ लाख. आता ५० हजारांची झाडं लिहायची राहिली, तर तोटा ५० हजारांचा नाही, एक लाखाचा!

म्हणून संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात तुम्ही हजर पाहिजे. घरचे पुरुष जातात, ठीक आहे, पण कोणतं झाड किती वर्षांचं हे त्याला पाणी घालणारीलाच माहीत असतं. झाडं स्वतः मोजून दाखवा, फोटो काढा, पंचनामा वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा नको, आणि प्रत मागाच. ई-पीक पाहणीत पिकाबरोबर बांधावरची झाडंही नोंदवता येतात. नोटीस यायची वाट कशाला बघायची?

सातबाऱ्यावर नाव नसेल तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचं नाव लागतं. अर्ज नवऱ्याचाच लागतो, तिथेच तर गाडं अडतं! तरी विषय घरात काढा.

रक्कम कमी वाटली तर पैसे घेताना "हरकत राखून स्वीकारले" असं लिहून द्या. तसं न लिहिता घेतले तर वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर त्या तारखेपासून सहा आठवड्यांत लेखी अर्ज करावा लागतो. हे सगळं २०१३ च्या कायद्याचं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जात असेल तर दाद लवादाकडे मागतात, तेव्हा नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय ते आधी वाचा. कळलं नाही तर नोटीस घेऊन पुढच्या बैठकीला या, सोबत बसून वाचू.