पाडवा, मृग, दसरा: सोलापुरी दुचाकीच्या तीन तारखा

दुचाकीची सर्व्हिसिंग किलोमीटरवर ठरते, असं कंपनीचं पुस्तक सांगतं. पण तेच पुस्तक कोकणातल्या गाडीबरोबरही येतं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत रस्त्यावर ऊस असतो. म्हणून इथल्या गाडीला किलोमीटरबरोबर पंचांगही पाहावं लागतं.

पाडवा : हवा आणि धूळ

उन्हाचा पहिला ताण टायरवर येतो. सकाळी २५ अंशांना ३० पीएसआय हवा भरलेला टायर दुपारी ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब साधारण ३५ होतो. ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. तरीही ‘उन्हात फुटेल’ म्हणून बरेच जण हवा कमी ठेवतात आणि परिणाम उलटा होतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि टायर कमजोर होतो. गाडी थंड असताना, स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच हवा भरावी. डबल सीट जायचं असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो.

‘टाकी फुल्ल केली तर स्फोट होईल’ हा निरोप दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरतो. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, तेव्हा ही भीती निराधार आहे. मात्र १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळपास २०० मिलिलिटरने वाढतं. म्हणून अगदी गळ्यापर्यंत भरू नये.

नांगरटीची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. तेलकट कागदी फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलावाच लागतो.

मृग : चिखल, चेन, पाणी

पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ एकत्र होऊन निसरडा थर तयार होतो. तो वाहून जाईपर्यंत वेग कमी ठेवावा आणि वळणावर ब्रेक दाबू नये. डांबर सोडून शेताच्या वाटेला लागलं की काळी माती गाठते. ती पाणी पिऊन फुगते, टायर आणि मडगार्डच्या मध्ये दाटते आणि चाक जाम करते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पिळला तर क्लच जळतो. उतरून काडीने माती काढणं हाच उपाय आहे. भिजलेल्या चेनला त्याच संध्याकाळी पुसून तेल द्यावं. ड्रम ब्रेक पाण्यात बुडाला असेल, तर हळू चालवत ब्रेक किंचित दाबून तो वाळवावा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं साचतं. गाडी मग अडखळते किंवा बंद पडते. म्हणून पावसाआधी टाकीच्या झाकणाचं रबर तपासावं. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळीही पाहावी.

दसरा : उजेड

ज्या उसाचं इथेनॉल टाकीत जातं, तोच ऊस हिवाळ्यात दुचाकीस्वाराचा सर्वांत मोठा धोका बनतो. पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी, कुठल्याही रस्त्याला रात्री जा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, मागे लोंबणाऱ्या उसात दिवे आणि रिफ्लेक्टर झाकलेले असतात. पंक्चर झालेली ट्रॉली तर कधी रस्त्यावरच उभी असते.

इथे गणित स्पष्ट आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी २० मीटर लागतात. लो बीमचा उजेड फारसा त्यापुढे पोचत नाही. म्हणजे अंधारातली ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ताशी ४० वेगाला हेच अंतर २६ मीटरच्या आसपास येतं. गळीत हंगामात रात्री चाळीसच्या आत चालणं आणि हेल्मेटची काच स्वच्छ असणं, यावर जीव वाचणं अवलंबून आहे.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, पूजा करतो. त्याच सकाळी हेडलाइटचा कोन, ब्रेकचा लाल दिवा आणि इंडिकेटर तपासून घ्यावेत. पण एकट्या दुचाकीस्वाराने सावध राहून हे भागणार नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. उसाच्या मोळ्यांवरून मागे लोंबेल अशी चमकणारी पट्टी असल्याशिवाय काटा करायचा नाही, एवढा नियम प्रत्येक कारखान्याने मोळी टाकण्याच्या दिवशीच लागू करावा. सभासद शेतकरी स्वतः दुचाकीवरच फिरतो. कारखान्याच्या सभेत ही मागणी त्यानेच मांडावी.