वाकडे दात आणि बोबडे बोल

मूल पाच-सहा वर्षांचं झालं तरी ‘ससा’ला ‘थथा’ म्हणतं आणि हसलं की पुढचे दात वेडेवाकडे दिसतात. घरातले या दोन गोष्टी लगेच जोडून टाकतात. आजी म्हणते, दुधाचे दात पडू देत, आपोआप सुधारेल. शेजारीण सांगते, तारा लावल्या की बोलणं स्पष्ट होतं. तारा तर बारा-तेराव्या वर्षी लावायच्या, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मग मधली सहा-सात वर्षं बोलण्याकडे कुणी लक्षच देत नाही, आणि नेमकं याच वर्षांत मूल वर्गात मोठ्याने वाचायला लाजू लागतं. दातांचा उच्चारांशी संबंध आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा तो बराच मर्यादित आहे.

दात वाकडे म्हणजे बोलणं बिघडणारच, हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज. आपल्या ओळखीतच पाहा. दात पुढे आलेले, एकावर एक चढलेले, सुळा वर निघालेला आणि तरी शब्द खणखणीत, अशी माणसं कितीतरी सापडतील. मूल बोलायला शिकतं ते कानाने ऐकत आणि जिभेने चाचपत. तोंडात दात जसे असतील तसे धरून जीभ हवा तो आवाज काढण्याची जागा शोधते. खालचा जबडा पुढे असलेली काही मुलं ‘व’ म्हणताना वरचा ओठ खालच्या दातांना टेकवतात. ऐकणाऱ्याला फरक कळतही नाही. उलट दात सुबक, एका ओळीत, आणि बोलणं मात्र बोबडं, अशीही मुलं असतात.

2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. शेतीनंतर माणूस मऊ अन्न खाऊ लागला, त्यामुळे वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे राहण्याची ठेवण मोठेपणीही टिकू लागली, आणि खालचा ओठ वरच्या दातांना लावून काढायचे आवाज जगातल्या भाषांमध्ये वाढले, असं त्याचं म्हणणं. पण तिथेही मुद्दा असा होता, की त्या ठेवणीत हे आवाज काढायला श्रम कमी पडतात. दुसऱ्या ठेवणीत ते काढताच येत नाहीत, असं कुणी म्हटलेलं नाही.

मग दात आड येतात कुठे? मुख्यतः ‘स’मध्ये. आरशासमोर उभं राहून लांब ‘स्स्स’ म्हणून बघा. जिभेच्या कडा दोन्ही बाजूंनी वरच्या दाढांना चिकटतात, मधोमध बारीक पन्हळ होते, आणि त्या पन्हळीतून आलेली हवेची धार पुढच्या दातांच्या कडांवर आपटते. ती सळसळ म्हणजे ‘स’. तोंडासमोर बोट धरलं तर ही अरुंद, गार धार जाणवते. आता जीभ दातांच्या मधून जराशी बाहेर काढून तोच आवाज काढा. धार पसरते, सळसळ जाते आणि ‘थ’सारखं काहीतरी उरतं. ज्या मुलाच्या दाढा मिटल्यावरही समोरचे वरचे-खालचे दात भिडत नाहीत, मध्ये फट राहते, त्याच्या जिभेला बाहेर डोकावायला आयती वाट मिळते. उच्चाराशी जास्तीत जास्त संबंध असलेली ठेवण ही. दातांची थोडी गर्दी किंवा वर चढलेला सुळा यांनी बोलण्याला सहसा काही होत नाही.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ एक नव्हे. ‘चाक’, ‘जग’, ‘झाड’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मुळाशी येते, म्हणजे ‘स’च्या अगदी शेजारी. ‘स’ निसटणाऱ्या मुलाचे हे उच्चारही ऐकायला हवेत. इंग्रजी किंवा हिंदी शब्दांच्या यादीवरून तपासणी झाली तर ते सुटून जातात. मराठी मुलाची तपासणी मराठी शब्दांवरच व्हावी, असा माझा आग्रह आहे.

आणि समोर फट असली तरी तिलाच दोष देण्याआधी ती पडली कशाने, हे विचारलं पाहिजे. तीन-चार वर्षांनंतरही अंगठा तोंडात असणं, गिळताना जीभ पुढे ढकलणं, नाक कायम चोंदलेलं असल्याने तोंडाने श्वास घेणं, ही त्याची नेहमीची कारणं. अशा मुलाची जीभ ते गप्प बसलेलं असतानाही दातांच्या मध्ये पडून राहते. तीच जीभ दातांना भिडू देत नाही आणि तीच ‘स’ बिघडवते. म्हणजे दातांनी बोलणं बिघडवलं असं नसून, एका सवयीने दोन्ही बिघडवलेलं असतं. तारांनी सगळं सुटेल हा समज इथेच फसतो. तारा दात हलवतात, जिभेला नवी जागा शिकवत नाहीत. ती शिकवावी लागते स्पीच थेरपिस्टला, आणि ती शिकली नाही तर तारा काढल्यावर जिभेच्या रेट्याने फट पुन्हा उघडू शकते. अंगठ्याची सवय कायमचे पुढचे दात येण्याआधी सुटली, तर फट पुष्कळदा आपोआप भरून येते. त्यासाठी बोटाला तिखट किंवा कडुनिंब चोळू नका. मूल बहुधा कंटाळा, भीती किंवा झोप आल्यावर अंगठा तोंडात घालतं. त्या वेळी हाताला दुसरं काहीतरी द्यावं, कौतुक करावं, ओरडू नये.

दुधाचे दात पडल्यावर सुधारेल, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्याच मुलांबाबत. सहाव्या-सातव्या वर्षी समोरचे दात पडतात तेव्हा आधी नीट बोलणाऱ्या मुलाचाही ‘स’ काही दिवस निसटतो आणि नवे दात आले की जागेवर येतो. जे मूल दात पडण्याआधीपासूनच ‘थथा’ म्हणत होतं, त्याचं दात पडून काय सुधारणार? चार-साडेचार वर्षांपर्यंत जीभ बाहेर काढून म्हटलेला ‘स’ वाढीचा भाग असू शकतो. मात्र हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी निसटून ‘स’ ओला, फसफसता येत असेल, तर तो वाढीचा टप्पा नव्हे. तो वाट बघून जात नाही, लवकर दाखवावा.

काही तक्रारींचा तर दातांशी काडीचाही संबंध नसतो. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाच्या जिभेची मागची बाजू टाळूकडे उचलली जात नाही. दात तिथून कितीतरी लांब आहेत. ‘र’ आणि ‘ळ’ हा जिभेच्या टोकाचा खेळ. अडखळत, शब्द तोडत बोलणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. दात उशिरा आले म्हणून मूल उशिरा बोलतं, हेही खरं नाही. ‘बाबा’, ‘मामा’ म्हणायला नुसते ओठ पुरतात. बोलायला उशीर होत असेल किंवा बरेचसे उच्चार धूसर असतील, तर पहिली तपासणी कानांची करावी. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं, की ऐकू थोडं कमी येतं. हाक ऐकू येत असल्याने घरच्यांना शंका येत नाही, पण ‘स’सारखे बारीक आवाज कानावर नीट पडत नाहीत, आणि जे नीट ऐकलं नाही ते नीट म्हणता येत नाही. साधा अंदाज असा ठेवावा: तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं बोलणं परक्या माणसालाही कळायला हवं.

‘जीभ जड आहे’ म्हणून वेखंड उगाळून बाळाच्या जिभेवर लावण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. त्याने उच्चार सुधारतात याला आधार नाही. वेखंडात बीटा-असारोन हे द्रव्य असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे. जिभेखालचा आखूड पडदा कापून घेण्याची घाईही तशीच. त्या पडद्यामुळे बाळाला अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, पण मूल उशिरा बोलतं ते त्याच्यामुळे नाही. जीभ किती वर, किती बाहेर येते हे तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

दात आणि बोलणं दोन्ही खरोखर गुंतलेले असतात ते दुभंगलेल्या टाळूत. दुभंगलेले ओठ किंवा टाळू घेऊन जगभरात साधारण 700 बाळांमागे एक बाळ जन्मतं. फट हिरडीतून गेलेली असेल तर दात वाकडे किंवा कमी येतात, आणि टाळूतून हवा नाकात गेल्याने ‘प’, ‘ब’, ‘स’ दुबळे, नाकातून आल्यासारखे होतात. नाकातलं बोलणं टाळूमुळे होतं, दातांमुळे नव्हे, हे आईवडिलांना नीट सांगायला हवं. टाळूची शस्त्रक्रिया साधारणपणे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते, म्हणजे शब्द पक्के होण्याच्या सुमारास. तिला उशीर करू नये. त्यानंतर स्पीच थेरपी, आणि पुढे आठ-दहा वर्षांच्या सुमारास सुळा येण्याआधी हिरडीत हाड भरणं, असा हा लांबचा रस्ता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा आणि बहिरेपणाचाही समावेश आहे. हा कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात आणि गरज असलेल्या मुलाला मोफत उपचारांसाठी पुढे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे ऐकण्या-बोलण्याची तपासणी आणि थेरपी होते.

दातांची ठेवण सात वर्षांच्या आसपास ऑर्थोडॉन्टिस्टला एकदा दाखवून घ्यावी. बोलण्याची शंका आली तर मात्र सातव्या वर्षाचीही वाट बघू नये. कानांची तपासणी आणि स्पीच थेरपी दातांवर अवलंबून नसतात, त्या चौथ्या वर्षीही सुरू करता येतात. समोरच्या दातांमधली फट मोठी असेल तर थेरपिस्ट आणि दंतवैद्य एकमेकांशी बोलून क्रम ठरवतात. जाताना मुलाच्या घरातल्या नेहमीच्या बोलण्याचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन जा, कारण नव्या खोलीत, नव्या माणसासमोर पुष्कळ मुलं तोंडच उघडत नाहीत.