कॅरमची स्थानिक लीग : सामना किती बोर्डांचा, आणि बरोबरी झाली तर?

मंडळाच्या लीगमध्ये भांडणं खेळावरून कमी होतात, नियमांवरून जास्त. तेव्हा आज दोनच प्रश्न घेऊ : सामना किती मोठा ठेवायचा, आणि गुण सारखे झाले तर वर कोण?

आधी प्रचलित नियमात काय दडलंय ते बघू. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, आणि तीनपैकी दोन गेम जिंकणारा विजयी. आता ८ च का? ब्रेक आळीपाळीने मिळतो, म्हणून सम संख्येत दोघांना समान चार-चार ब्रेक येतात. आणि २५ का? एका बोर्डात जास्तीत जास्त १२ गुण : समोरच्याच्या ९ सोंगट्या आणि राणीचे ३. दोन बोर्ड पूर्ण गुणांनी जिंकले तरी २४ च होतात. म्हणजे किमान तिसरा बोर्ड खेळावाच लागतो.

वेळ वाचवायला काही ठिकाणी एकाच बोर्डावर निकाल लावतात. ते टाळा. ब्रेक करणाऱ्याने व्हाईट स्लॅम मारला, तर समोरच्याने स्ट्रायकरला हातही न लावता तो बाहेर! सामना छोटा करायचाच असेल तर बोर्ड ६ करा, ४ करा; पण ५ किंवा ७ नको.

मग पाच गेमचा सामना ठेवला तर? हिशोब करून बघा. चांगल्या खेळाडूची एक गेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरा. तीन गेमच्या सामन्यात ती साधारण ६५ होते, पाचच्या सामन्यात ६८. दोन जादा गेमनी मिळाले फक्त तीन टक्के. तोच वेळ जास्त प्रतिस्पर्ध्यांशी खेळण्यात घालवलेला बरा. ८ जणांची साखळी २८ सामन्यांत होते. १२ जणांची मात्र ६६ वर जाते. तिथे सहा-सहाचे दोन गट पाडले की ३० सामन्यांत गटसाखळी संपते.

आता बरोबरी. पुष्कळ ठिकाणी थेट एकूण गुणफरक बघतात. त्यात अडचण अशी, की सगळ्यात दुबळ्या खेळाडूला कोणी किती धुतलं, यावर क्रमांक ठरतो. शेवटच्या फेरीत तो कंटाळलेला असेल, तर त्याच्याशी तेव्हा खेळणाऱ्याचं फावतं. म्हणून पहिला निकष परस्परांतल्या सामन्याचा ठेवा. हा निकष एकाच सामन्यावर उभा आहे हे खरं, पण तो सामना त्या दोघांनीच खेळलेला असतो.

तिघांत चक्र झालं तर? समजा अ ने ब ला २-० हरवलं, ब ने क ला २-१, आणि क ने अ ला २-१. प्रत्येकाचा एकेक विजय. आता या तिघांतल्याच गेम मोजा : अ ३-२, क ३-३, ब २-३. क्रम लागला. तरीही सुटलं नाही, तर त्याच सामन्यांतला गुणफरक, मग संपूर्ण लीगमधल्या गेम. पहिल्या क्रमांकासाठी तरीही बरोबरी राहिली, तर एक जादा गेम खेळवा. पहिला ब्रेक नाणेफेकीवर.

कागदावरचा निकष मैदानाला पटला नाही की काय होतं, ते २०१९ च्या क्रिकेट विश्वचषक अंतिम सामन्यात दिसलं. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि इंग्लंड चौकार-षटकारांच्या संख्येवर विजेता ठरला. नंतर आयसीसीने तो नियमच बदलला.

आणखी दोन गोष्टी. शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी लावा. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जेरियाचे सामने आधी संपले होते. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला कोणता निकाल दोघांच्या सोयीचा, हे आधीच ठाऊक होतं. १-० झालं, दोघेही पुढे गेले, अल्जेरिया बाहेर. दुसरं, कोणी मध्येच लीग सोडली तर : निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल रद्द, निम्मे किंवा जास्त झाले असतील तर उरलेले प्रतिस्पर्ध्यांना बहाल.

हे सगळं एका पानावर मावतं. पहिल्या ब्रेकच्या आधी ते लिहून प्रत्येकाची सही घ्या. कोणाचं नुकसान होणार हे अजून कुणालाच माहीत नसतं, तोवरच सगळे शांतपणे होकार देतात.