उंच चाकाची सायकल

सायकल आपल्याला नवी नाही. दोन सारखी चाकं, मधे साखळी, खाली पायडल. पण एक सायकल अशी आहे की तिचं पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच आणि मागचं अगदी बारकं. बसणारा बसतो त्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर!

तिचं नाव पेनी-फार्दिंग. ही इंग्लंडातली दोन जुनी नाणी. पेनी मोठी, फार्दिंग लहान. आपल्याकडच्या जुन्या ढबू पैशामागं पै उभी करावी, तशी ही सायकल दिसते.

तुम्ही विचाराल, एवढं मोठं चाक कशाला? तर तिला साखळीच नाही. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असतात. लहान पोरांची तीनचाकी पाहिली आहे ना? तसंच. पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरतं. चाक लहान असेल, तर कितीही पाय मारा, गाडी हळूच जाणार. साडेचार फुटी चाक मात्र एका फेऱ्यात चौदा फूट पुढं जातं. म्हणून १८७० नंतर इंग्लंडातल्या कारागिरांनी चाक वाढवत नेलं. कुठवर? बसणाऱ्याचा पाय पुरेल तिथवर. त्यामुळं ही सायकल जोड्यासारखी माप बघून घ्यावी लागते.

आता बसायचं कसं? मागच्या चाकाच्या वर एक लहान पायरी असते. डावा पाय तिच्यावर ठेवायचा. हात पुढं करून हँडल धरायचं. उजव्या पायानं जमिनीला रेटा देत गाडी पळवायची, आणि ती चालू असतानाच वर चढून सीटवर सरकायचं. उतरताना हेच उलट. मागं न बघता पायानं ती पायरी शोधायची. वाटेत गाडी थांबली, तर पाय जमिनीला पोचत नाही. मग भिंत नाहीतर खांब गाठावा लागतो.

खरा धोका पडण्याचा. चाकापुढं धोंडा आला किंवा ब्रेक जोरानं दाबला, की मागचं चाक उचलतं आणि माणूस डोक्यावर आपटतो. म्हणून वेग कमी करायचा तो पायांनी, पायडलवर उलटा जोर देऊन. उतारावर पायडल आपोआप गरगर फिरतात. जुने लोक तेव्हा दोन्ही पाय हँडलवरून पुढं टाकीत. का, तर पडलोच तर पायांवर पडू! मला विचाराल तर त्याला वाघाचं काळीज पाहिजे.

१८८५ साली साखळीची, सारख्या चाकांची चांगली सायकल इंग्लंडात निघाली. तिच्यावरून पडलं तरी मान मोडण्याची भीती थोडी. काही वर्षांत उंच सायकल मागं पडली.

पण त्याआधी तिनं एक मोठं काम केलं. टॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ साली तिच्यावर बसून अमेरिकेतून निघाला. समुद्र तेवढा बोटीनं ओलांडला. १८८६ साली तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या देशातून गेला, आणि त्याच वर्षी जपानात पोचला.

हौशी लोक आजही ही सायकल नव्यानं बनवून घेतात. जॉफ समरफील्ड या इंग्रजानं तर ती स्वतः बनवली, आणि २००६ ते २००८ या काळात तिच्यावरून जगाची फेरी केली. लोकांना तिची गोडी का वाटते? उंचावरून कुंपणापलीकडचं शेत दिसतं. मोठं चाक लहान खड्ड्यांवरून सहज निघून जातं. टायर भरीव रबराचं, त्यामुळं पंक्चरचं नाव नाही. आणि वाटेत भेटेल तो माणूस हसून हात करतो.

ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर इव्हनडेल नावाचं लहान गाव आहे. तिथं १९८३ पासून या सायकलींच्या शर्यती भरू लागल्या. त्यात एक शर्यत आपल्या शाळेतल्या ‘स्लो सायकल’सारखी असते. सर्वांत मागं राहील तो जिंकला. फरक एवढाच, की तोल गेला तर टेकायला जमीन फार खाली असते.