वडगाव कोणते, पान की लांडगा?

श्रोतेहो, आमच्या संगमनेर तालुक्यात वडगाव पान आहे आणि वडगाव लांडगाही आहे. पाकिटावर नुसते ‘वडगाव’ लिहिले, तर पोस्टमन विचारणारच, कोणते? संगणकांच्या जाळ्यांपुढेही हाच प्रश्न येतो. मी बी.ए. झालेला कवी माणूस. तेव्हा माझ्याच भाषेत सांगतो.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते पुरणारे नव्हते. म्हणून काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १९९६ साली तसा नियम पक्का झाला. ‘१९२.१६८’ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते घरापुरते, कचेरीपुरते. संगमनेरच्या दुकानात आणि सोलापूरच्या दवाखान्यात एकच पत्ता असला तरी बिघडत नाही. दारातले राउटर नावाचे यंत्र बाहेर जाणाऱ्या निरोपावर आपला बाहेरचा पत्ता घालते, वहीत नोंद करते आणि उत्तर आले की ज्याचे त्याला देते.

लाइन चालू आहे का, हे पाहायला तंत्रज्ञ ‘पिंग’ करतात. हा प्रोग्राम माइक मूस या अमेरिकी तंत्रज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पिंग म्हणजे आपला ‘राम राम’च. समोरून तोच शब्द परत येतो. सलाम केला की सलाम येतो, तसा. सोबतच्या ओळख-क्रमांकावरून राउटरला वहीतली नोंद सापडते.

आता समजा, एका पतसंस्थेच्या संगमनेर आणि अकोले शाखा एकमेकींना जोडल्या आणि दोन्हीकडे पत्ते सारखेच निघाले. अकोल्याच्या संगणकाला टोपणपत्ता देऊन संगमनेरहून पिंग केले. प्रश्न पोहोचला. पण पाठवणाऱ्याचा पत्ता अकोल्याला आपल्याच इमारतीतला वाटतो. तो संगणक उत्तर घरातच शोधत बसतो. उत्तर उंबरा ओलांडत नाही. इकडे निदान होते, ‘अकोले बंद.’ मग चांगले यंत्र बदलले जाते, धड केबल उकरली जाते आणि खातेदार खिडकीपाशी ताटकळतात.

यावर उपाय तीन. पहिला, जाणाऱ्या निरोपावरचे दोन्ही पत्ते, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही, बदलायचे. यात एक मेख आहे. निरोप वाटेत अडला तर तक्रारीची चिठ्ठी येते आणि तिच्यात मूळ निरोपाचा तुकडा असतो. त्या तुकड्यावरचा पत्ताही बदलावा लागतो. नाहीतर चिठ्ठी कोणत्या निरोपाची, हेच कळत नाही. दुसरा उपाय मोठ्या दूरसंचार कंपन्यांचा: प्रत्येक ग्राहकाची वही वेगळी आणि पत्त्याला खुणेचा आकडा, वडगावला ‘पान’ किंवा ‘लांडगा’ जोडतात तसा. मात्र पिंग करतानाही वही कोणती, हे सांगावे लागते. तिसरा उपाय, एका शाखेचे पत्तेच नव्याने द्यायचे. मेहनत मोठी, पण सर्वांत टिकाऊ.

सारख्या गावनावांचा गोंधळ टपालखात्याने फार आधी अनुभवला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते. संगमनेरचा पिन ४२२६०५. जिल्हा अहिल्यानगर, पण पहिले तीन आकडे नाशिकचे. कारण पिनकोड महसुली हद्द नव्हे, टपालाची वाट सांगतो.

संगणकाच्या पत्त्याचेही तेच. दुसरी शाखा उघडण्याआधी पहिलीचे आकडे कागदावर मांडून पाहा आणि दुसरीला वेगळे द्या. आणि पिंगला उत्तर आले नाही, तर समोरचा बंद आहे असे लगेच ठरवू नका. त्याने उत्तर दिलेही असेल. ते आपल्यापर्यंत यायला वाट आहे का, ते आधी तपासा.