घराची शोभा आणि घरच्यांचे सुख

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील घरांना जाग येते. वर्षभर कुलपात राहिलेल्या वडिलोपार्जित घरांची दारे उघडतात, कोळिष्टके निघतात, भिंतींवरून रंगाचा हात फिरतो आणि माटोळीच्या सामानासाठी माणसे बाजार पालथा घालू लागतात. याच दिवसांत रंगाच्या, पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या जाहिरातीही बहरास येतात. वृत्तपत्रांची पाने त्यांनीच भरतात, हे आम्ही नाकारीत नाही. या जाहिरातींचे सांगणे एकच असते: घर बदला, तुमचे आयुष्य बदलेल. हे कितपत खरे? घराची रचना आणि सजावट यांनी माणूस खरोखर सुखी होतो काय?

या प्रश्नाचे उत्तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यांच्या रंगीत चित्रांत शोधण्यापेक्षा इंदूरच्या परदेशीपुऱ्यात शोधावे, असे आम्हाला वाटते. होळकरांच्या इंदुरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या धुराड्यांच्या आसमंतात ज्या कामगारवस्त्या वाढल्या, त्यांपैकी ही एक. तिच्या नावातच तिची जन्मकथा आहे. परमुलखातून पोटासाठी आलेल्यांचे ते पुरे. आज त्या गिरण्या थंडावल्या आहेत. हुकूमचंद गिरणी १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्याचा २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. ज्याचे घामाचे पैसे तीन दशके अडकून पडले, त्याला घर कसे सजवावे हे शिकविण्यास जाणे ही क्रूर थट्टा होय. तरीही सुंदर, स्वच्छ घराची ओढ त्यालाही असतेच. किंबहुना तीच अधिक असते.

ही ओढ ओळखणारा एक मनुष्य शंभर वर्षांपूर्वी याच शहरात येऊन गेला. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदूर दरबाराने पाचारण केले होते. शहरात प्लेगाचे थैमान होते आणि नकाशे घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या या गोऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहात. हा आपली घरे पाडावयास आला आहे, अशी त्यांची समजूत. गेडिस यांनी एक विलक्षण तोड काढली. त्यांनी एका दिवसापुरते महाराजपद मागून घेतले आणि दवंडी पिटविली की, यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही; ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत अधिक झाडून, दुरुस्त करून, रंगवून सजविलेली असतील, त्याच रस्त्याने ती जाईल. मग काय विचारता! गल्लीगल्लीत चढाओढ लागली आणि गाड्यांच्या गाड्या भरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा निघाली, शहरातील झाडूवाले स्वच्छ वस्त्रे लेवून मानाने चालले आणि लोकांना छोट्या कुंड्यांतून तुळशीची रोपे वाटण्यात आली. नीटनेटक्या हिंदू घराची खूण म्हणून या परक्या माणसाला तुळसच सुचावी, यात त्याची दृष्टी दिसते.

गेडिस यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. जेथे श्वास कोंडतो तेथले मोडके घर तेवढे काढावे, झाड लावावे, चौक मोकळा करावा, पण माणसांचा शेजार तोडू नये, हे त्यांचे सूत्र. याच इंदुराने २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात ओळीने सात वर्षे पहिला क्रमांक राखला, सातव्या वर्षी सुरतेच्या जोडीने. त्या दिवाळीचा आणि या यशाचा थेट धागा जोडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु लोकांना मान दिला म्हणजे ते आपला उंबरठा आपणहून उजळतात, हा धडा मात्र दोहोंत समान आहे.

दुसरा धडा त्याच शहरात सहा दशकांनी मिळाला. पुण्यात जन्मलेले आणि लाकूडसामान घडविणाऱ्या कुटुंबात वाढलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ‘अरण्य’ नावाची वसाहत आखली. सुमारे ८५ हेक्टर जागा आणि साडेसहा हजारांच्या आसपास घरे. आखणीपूर्वी इंदुरातील झोपडवस्त्यांची बारकाईने पाहणी झाली होती. गरिबाचे घर चार भिंतींत संपत नाही, ते ओट्यावर, झाडाखाली, गल्लीत पसरते, हे त्या अभ्यासातून पुढे आले. म्हणून दोशींनी अत्यंत गरिबाला तयार घर दिले नाही. सुमारे ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोते, संडास-न्हाणी, फार तर एक खोली, आणि पुढचे त्याचे त्याने बांधावे, अशी योजना केली. जिना कोठे घ्यावा, ओटा केवढा ठेवावा, कठड्याची नक्षी कोणती, दाराला रंग कोणता, हे ठरविण्याचा अधिकार घरमालकाचा. नमुना म्हणून ऐंशी घरे बांधून दाखविण्यात आली. या कामाला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली दोशींना वास्तुकलेतील सर्वोच्च गणला जाणारा प्रिट्झ्कर सन्मान लाभला.

सर्व काही गोड झाले असे नाही. नमुन्याच्या अनेक घरांचे मूळ रूप पुढे पुसले गेले, मजल्यांवर मजले चढले, काही घरे सुखवस्तू लोकांच्या हाती गेली. रसिक त्याबद्दल हळहळतात. आम्हाला त्यात दोशींचा पराभव दिसत नाही. माणसाने आपल्या घरावर हात चालवावा, यासाठीच तर ती योजना होती! खंत वाटावी ती घर विकण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्याच्याबद्दल.

आता आपल्या अंगणाकडे वळू. गोव्यातील मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या जमिनीत राहिला. मातीची भिंत चिऱ्याची करावयाची तरी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला हुसकावून लावण्यास बंदी केली आणि राहते घर विकत घेण्याचा मार्ग खुला केला. पण कायदा होऊनही कित्येक दावे मामलेदारांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे पडून राहिले. ज्या घराचा कागद आपला नाही, त्याची भिंत कोणत्या उमेदीने रंगवावी? घरसजावटीचा पहिला प्रश्न रंगाचा नसून हक्काचा आहे, तो असा.

दुसरा प्रश्न आहे तो रचनेचा. आपल्या जुन्या घरांची वसरी, राजांगण, तुळशीवृंदावन ही केवळ शोभा नव्हती. वसरीवर म्हाताऱ्या माणसाला येणारा-जाणारा भेटे, राजांगणातून घरात उजेड आणि वारा येई. आजच्या सदनिकेत चकचकीत फरशी आहे, पण आजोबांनी बसावे कोठे, हे नकाशात नाही. मात्र जुन्याचे गोडवे गाताना हेही सांगावयास हवे की, त्याच घरांची स्वयंपाकघरे बहुधा काळोखी आणि धुराने कोंदलेली असत, आणि त्या धुरात आमच्या आया-बहिणींची आयुष्ये गेली. ज्या घराच्या दर्शनी भागाला झुंबर आणि चुलीपाशी खिडकी नाही, ते घर सुंदर कसे म्हणावे? सजावटीवर खर्च करणाऱ्याने आधी घरातील सर्वांत अधिक राबणाऱ्या माणसाची जागा पाहावी. पहिली खिडकी तेथे पडावी.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारने मुंडकारांचे दावे मुदत ठरवून निकालात काढावेत. घरबांधणीच्या सरकारी योजनांत अरण्यसारखी, वाढू शकणारी घरे द्यावीत. आणि आपण, ज्यांना घर आहे, त्यांनी शेजाऱ्याच्या दिवाणखान्याशी बरोबरी करण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी, आपल्या घरी कोणाला बसावयास जागा नाही, कोणाला उजेड नाही, एवढे पाहावे.

वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. म्हणून घरात वाईट बोलू नये, असे वडीलधारी सांगत. त्या वास्तूने तथास्तु म्हणावे असे वाटत असेल, तर आधी घरातल्या प्रत्येकाला काही मागण्याइतकी हक्काची जागा तेथे असली पाहिजे. परदेशीपुऱ्यातल्या माणसालाही आणि पेडण्या-काणकोणातल्या मुंडकारालाही.